दुसऱ्याच्या वावरातलं पील

मुरलीनानांच्या घरात पाऊल टाकायचं तर आधी हात हुंगू द्यावे लागतात. ‘या, बसा’ नंतर. दार अर्धवट उघडतं, धोतर-बंडीतले नाना मान बाहेर काढतात, तुमचा हात मनगटाशी धरून नाकाला लावतात आणि निकाल सांगतात.

“तंबाखू. धुवा.”

“साबण. गुलाबाच्या वासाचा. धुवा.”

“भरीत.”

“ते कालचं, नाना.”

“म्हंजे कालपासून हात धुतले नाई?”

मी विमा एजंट आहे. एजंटाला लोक दारात ताटकळत ठेवतात, कुत्रं सोडतात, ‘साहेब गावाला गेलेत’ असं साहेब स्वतः सांगतात. या सगळ्याची मला सवय आहे. पण मला हुंगलेलं तोवर कोणी नव्हतं. पहिल्या भेटीत अपमान गिळून मी अंगणातल्या नळाखाली हात धुतले. नाना शेजारी उभे राहून बघत होते. धुवायचे ते निव्वळ पाण्यानं, बोटांच्या बेचक्यांसकट, आणि धोतराला पुसू द्यायचे नाहीत कारण धोतराला नीळ असते. मी पँटमध्ये होतो, तरी हे मला सांगण्यात आलं.

एवढा जाच कशासाठी, तर मधल्या खोलीत समुद्र होता.

मे महिन्यात आमच्या जळगावात सायकलची सीट टेकू देत नाही. नळाला पाणी येतं ते उपकार केल्यासारखं. अशा गावात नानांनी लोखंडी घोडीवर काचेची भली मोठी पेटी ठेवली होती. तिच्यात खारं पाणी, पाण्यात खडक आणि खडकांवर मऊ पोवळी. भूछत्रासारखी दिसतात. जाड देठ, वर फिकट पिवळी छत्री, आणि छत्रीभर बारीक बारीक बोटं, पाण्याबरोबर डुलणारी. पोवळं म्हटलं की आपल्याला मंगळाची अंगठी आठवते. सराफ बाजारातले माझ्या ओळखीचे एक सराफ मुद्दाम बघायला आले होते. हात दोनदा धुऊन आत आले, वाकून पाहिलं आणि दचकले.

“नाना, हे हलतंय की.”

“जितं हाय म्हणून हलते. तुमच्या दुकानातलं मेलेलं असते.”

सराफांना ते लागलं. पुढं त्यांनी माझ्याकडून पॉलिसीही घेतली नाही.

नानांना राग येण्यासाठी फार काही लागत नसे. त्यांचा राग सकाळी त्यांच्याबरोबर उठायचा, त्यांच्याबरोबर चहा घ्यायचा आणि पहिलं माणूस दारात येईपर्यंत कसाबसा दम धरायचा. ‘मासे कुठं आहेत?’ हा प्रश्न तर त्यांना मुळीच खपत नसे. “केळीच्या बागेत गेल्यावर बैल कुठी हाय, असं इचारता का?” ‘यांना खातात का?’ असं विचारणाऱ्या एका प्राध्यापकांना त्यांनी चपला घालायलाही उसंत दिली नव्हती. वीज गेली की ते थर्मामीटर हातात घेऊन थेट वीज कचेरीत जायचे आणि तो साहेबाच्या टेबलावर ठेवायचे. “पाहा. हे माझ्या घरचं पाणी. सांगा बरं, यात त्याचा काय गुन्हा?”

‘यात त्याचा काय गुन्हा’ हे त्यांचं पालुपद. ‘तो’ म्हणजे नेहमी पोवळं. साहेबाला वाटायचं नातू आजारी आहे. तो उठून उभा राहायचा, पाणी मागवायचा, आणि खरा प्रकार कळला की त्यालाही राग यायचा. मग दोन रागावलेली माणसं एका थर्मामीटरकडे बघत बसायची.

हे वेड नानांना लागलं कसं, ते सांगायला हवं. नाना मूळचे सावद्याचे. घरची केळी. हयात बागेत गेली. त्यांच्या बागेतलं पील, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटतं ते पिल्लू, पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. लागवडीचे दिवस आले की गावोगावचे लोक नानांकडे पील मागायला यायचे. बैलगाड्या दारात, चहाची पातेली चुलीवर, आणि नाना बागेत कुदळ घेऊन. कुठलं पील ठेवायचं, कुठलं कापायचं, तलवारीसारखं पान कुठल्याला आहे, हे त्यांनी नुसतं बुडाशी बसून सांगायचं. माणूस कितीही मोठा असो, निवड नानांची. “तुमाले नाई हे. तुमची जमीन पानथळ हाय. ते घ्या.” आणि तो मुकाट ते घ्यायचा.

मग टिश्यूची रोपं आली. प्रयोगशाळेत वाढलेली, एकसारखी, काळ्या पिशवीत बसून ट्रकनं येणारी. नानांच्या दोन्ही पोरांनी बागेत ती लावली. उत्पन्न वाढलं, घड एकदम आले, सगळं चांगलंच झालं. फक्त नानांच्या दारात कोणी पील मागायला येईना. “बिन आईची केळ,” असं म्हणून नानांनी पोरांशी कडाक्याचं भांडण केलं आणि जळगावात भावानं बांधून ठेवलेल्या घरात एकटेच येऊन राहिले. नानी तर आधीच गेल्या होत्या.

त्याच सुमाराला ते एकदा केळीच्या ट्रकबरोबर मुंबईला अडत्याकडे गेले. हिशोबाला वेळ होता म्हणून बाजारात फिरताना एका माशांच्या दुकानात शिरले. दुकानदार एका मऊ पोवळ्याचा तुकडा पात्यानं कापत होता आणि दोऱ्यानं दगडाला बांधत होता. नानांनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, महिन्याभरात दगड धरेल, मग वेगळं झाड. नाना तिथंच स्टुलावर बसले. मला हे सांगताना त्यांचा राग थोडा वेळ बाजूला उभा राहिला होता. “एजंट, ते पील होतं हो. समुद्रातलं पील.”

मग सगळं सुरू झालं. पोरांच्या केळीचे ट्रक मुंबईला भरून जायचे आणि रिकामे यायचे. नाना पोरांशी बोलत नसत, पण ट्रकशी त्यांचं वैर नव्हतं. भिका नावाचा शिंदखेड्याचा ड्रायव्हर त्यांनी हाताशी धरला. त्यानं कोळ्याच्या होडीतून आत जाऊन स्वच्छ पाणी आणायचं, किनाऱ्याचं नाही. एका खेपेला जकात नाक्यावर ट्रक अडला. योगायोगानं मी वसुलीला निघालो होतो, आणि नाना माझ्या मोटारसायकलवर मागं बसून मला तिथं घेऊन गेले.

“कॅनमध्ये काय?” नाक्यावरचा कारकून विचारत होता.

“बठ्ठं पानीच शे साहेब,” भिका म्हणाला. “चाखी ल्या.”

कारकुनानं चाखलं आणि थुंकला. “हे मिठाचं आहे. मिठावर जकात आहे.”

नाना पुढं झाले. “मीठ वेगळं, पानी वेगळं. हा समुद्र हाय. समुद्राचा दर दाखवा तुमच्या पुस्तकात.”

कारकुनानं खरंच पुस्तक उघडलं. साखर, सरकी, सायकल, सुपारी. समुद्र नव्हता. मी मध्यस्थी करावी म्हणून हसून म्हणालो, “लिहा की, लोणच्याचं पाणी.” लोणच्याचा दर पुस्तकात होता. चांगला जबर होता. त्या दिवशी माझ्या विनोदाची जकात नानांनी भरली आणि घरी येईपर्यंत मागं बसून माझ्या पाठीशी बोलत राहिले. त्यातलं मी इथं लिहीत नाही.

पेटी बसली तरी नानांचा हात केळीचाच राहिला. पेटीच्या पश्चिमेला त्यांनी शेवरीच्या काड्यांचा कूड उभा केला, केळीच्या बागेला पश्चिमेच्या वाऱ्याआड करतात तसा, आणि त्यावर ओली पोती.

“नाना, ही खोली आहे. इथं वारा कुठला?”

“पश्चिम घरात येत नाई का?”

पोती ओली, समोर पंखा, त्यामुळे पाणी खरोखर गार राहायचं, हे कबूल करायला हवं. पोवळी वाढली. एकाची दोन, दोनाची पाच. नाना पात्यानं पिलं कापायचे, दोऱ्यानं दगडाला बांधायचे. शेवटी पेटीत जागा उरली नाही. आणि सगळ्या खानदेशात पील मागायला येणारं कोणी नव्हतं.

माझ्यावर हे संकट आलं ते असं. एका संध्याकाळी नाना छोटी काचपेटी, कॅन आणि दगडावर बांधलेलं एक पील घेऊन रिक्षानं आमच्या दारात उतरले. मी म्हटलं, नाना, मला यातलं काही कळत नाही. ते म्हणाले, माहीत हाय. माझी बायको मंगला स्वयंपाकघरातून बाहेर आली. नानांनी तिला विचारलं, “सूनबाई, घरात सगळ्यात गार जागा कोणती?” तिनं माठ ठेवतो तो कोपरा दाखवला. ओल्या वाळूवर माठ आणि त्याशेजारी समुद्र, अशी मांडणी झाली. मला कोणी विचारलं नाही.

“चांगल्या बागेचं एक पील दुसऱ्याच्या वावरात असावं,” नाना म्हणाले. “आपल्याकडं वादळ आलं तरी वाण जात नाई.”

“म्हणजे विमाच की, नाना.” मी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून माझ्या धंद्याचं समर्थन ऐकत होतो.

नाना उसळले. “विमा मेल्यावर भेटते. हे जितं भेटते. विमा म्हने.”

जाताना त्यांनी एकच सूचना दिली. पाणी आटलं की गोड्या पाण्यानं भरायचं. मला वाटलं, म्हातारा चुकला. समुद्रात गोडं पाणी कोण घालतं? म्हणून मी दर वेळी तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ विरघळवून, प्रेमानं, ओतत गेलो. काही दिवसांत पोवळ्याची छत्री मिटली, बोटं आत गेली आणि त्याचा एक आक्रसलेला गोळा झाला. नाना आले. मंगलानं चहा टाकला. नानांनी पेटीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटले.

“लोणचं घातलं तुम्ही.”

“नाना, आटलं म्हणून…”

“पानी उडते. मीठ उडते का? डाळ आटली तर सूनबाई पानी घालते का मीठ?”

“पाणी,” मंगला आतून म्हणाली. तिच्या आवाजात नको इतका आनंद होता.

“सांगा बरं, यात त्याचा काय गुन्हा?”

ते पील वाचलं. आधी त्याच्या अंगावर मेणासारखी पातळ साय आली, आठवडाभर ते तसंच मिटून बसलं, आणि मग सापानं कात टाकावी तशी ती साय सोडून पहिल्यापेक्षा मोठं उमललं. नाना म्हणाले, याची रीतच आहे ही. मनाविरुद्ध झालं की रुसतं, कोणाशी बोलत नाही, मग आपलं आपण उघडतं. मंगला माझ्या कानात म्हणाली, “कोणासारखं हो?” मी तिला गप्प केलं.

पुढच्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, वादळ आलं. सावद्याकडे आधी. नानांच्या शेजारच्या किराणा दुकानात पोराचा फोन आला की बाग झोपली. अख्खी. नाना पोरांशी कित्येक महिने बोलले नव्हते. फोन ठेवला तसे ते अंगावरच्या कपड्यांनिशी एसटी स्टँडवर गेले आणि वाटेत आमच्या घरी किल्ली टाकून गेले. “वीज गेली तर पानी हलतं ठेवा. बाकी काही करू नका.”

संध्याकाळी वादळ जळगावात पोचलं. खांब पडले. आमच्या गल्लीच्या टोकाला दवाखाना असल्यामुळे आमची वीज लगेच आली. नानांची वस्ती गावाबाहेर, तिथं अंधारच. मी तिथं मुक्काम ठोकला. आधी मंगलाची ताकाची रवी घेऊन पाणी घुसळलं. हात भरून आले. मग मला युक्ती सुचली. सायकलचा पंप. नळी पाण्यात सोडून मी हवा भरत बसलो. बुडबुडे झकास येत होते. खिडकीशी वस्तीतल्या बाया जमल्या. एकीनं काळजीनं विचारलं, “पंक्चर झालं का भाऊ?”

पोती मी ओली ठेवली. वारं मात्र पडलं होतं आणि ऊन आगीसारखं. दुसऱ्या दिवशी छत्र्या मिटल्या. तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं आणि वास सुटला. पंपाच्या नळीला ग्रीस होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आत जाताना मी माझे हात हुंगले होते. पंप हुंगला नव्हता.

नाना परतले तेव्हा वीज नुकतीच आली होती. धोतर चिखलानं भरलेलं, नखांत माती. मला बोलणी खायची होती आणि मी तयार होतो. रवी, पंप, ग्रीस, सगळं एका दमात सांगून टाकलं. नाना पेटीजवळ गेले. वाकून वास घेतला.

“बागेचं काय, नाना?” मी विचारलं.

“टिश्यूचं पडलं. पिलाचं असतं तर तेही पडलं असतं. वाऱ्याले काय कळते.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “वीज नव्हती. ऊन होतं. सांगा बरं, यात तुमचा काय गुन्हा?”

इतक्या हळू आवाजात ते कधी बोलले नव्हते. त्यांनी मला अंगणाबाहेर काढलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

मी त्यांना तसंच घरी घेऊन आलो. आमच्या दारात ते थांबले. आत येईनात. मंगला बाहेर आली तसे त्यांनी आपले दोन्ही हात तिच्यापुढं धरले.

“हुंगा.”

“अहो नाना, काय हे…”

“वावर तुमचं हाय. हुंगा.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग वाकून त्यांचे हात हुंगले. “माती,” ती म्हणाली. “सावद्याची. धुवा.” नानांनी अंगणात हात धुतले, बोटांच्या बेचक्यांसकट. मग माठाजवळ येऊन उकिडवे बसले. पील पूर्ण उमललेलं होतं, सगळी बोटं बाहेर काढून डुलत होतं.

“घेऊन जा नाना,” मी म्हटलं. “तुमचंच आहे.”

झालं. नाना परत नाना झाले. “दिलेलं पील मागं नेतात का? रीत हाय का काही? विकत घेतल्यासारखं बोलता. त्याले पील येऊ द्या, ते मागू. ह्याले हात लावायचा नाई.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी नाना आमच्याकडे येतात. हात पुढं करतात, मंगला हुंगते, क्वचित धुवायला लावते. मग ते माठाजवळ बसून माझ्यावर रागावतात. पाणी कमी आहे, ट्यूबलाइट जुनी आहे, माठाचं भांडं काचेला लागतं, माझी सावली पडते. चहा होतो. कधी वांग्याची भाजी जास्त झालेली असते, कधी मुद्दाम केलेली असते. भिकानं केव्हाच नवं पाणी आणून दिलंय. जकात नाक्यावर या वेळी त्यानं काय सांगितलं, हे त्यानं मला सांगितलं नाही. नानांच्या मधल्या खोलीत खडक लागलेत, दिवे लागलेत, पाणी गार आहे. समुद्र तयार होऊन रिकामा उभा आहे. फक्त पील पाहिजे.

आणि आमचं पील आता पील राहिलेलं नाही. त्याची छत्री पेटीच्या दोन्ही काचांना टेकते. मंगलानं दिवाळीत विचारलं, “नाना, आता कापायचं?” नाना म्हणाले, “कच्चं हाय.” संक्रांतीला विचारलं. “देठ बसू द्या.” होळी झाली. “उन्हाळ्यात पील काढत नाईत, एवढं कळत नाई का?”

मला अशा गोष्टी उशिरा कळतात. काल मी बाजारातून नवं पातं आणलं, पांढरा दोरा आणला, नदीतला एक सपाट दगड घासून ठेवला. नाना आले, हात हुंगून झाले, माठाजवळ बसले. मी मोठ्या हौसेनं पातं पुढं केलं. “नाना, आज काढूनच टाकू. म्हणजे तुमची रोजची पायपीट तरी वाचेल.”

नाना रागावले नाहीत. पोवळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी गुडघ्यावर हात टेकून, पातं घ्यायला, हळूच उठायला सुरुवात केली.

मंगला चहा घेऊन आली होती. तिनं कप खाली ठेवला, माझा पातं धरलेला हात मनगटाशी पकडला आणि नाकाला लावला.

“ग्रीस,” ती म्हणाली. “आज नको.”

मी दिवसभर सायकलला हात लावला नव्हता. ते सांगायला मी तोंड उघडलं. तिनं पातं माझ्या हातातून काढून घेतलं होतं आणि ती ते कागदात गुंडाळत होती.

नाना उभे होते ते परत खाली बसले.

“ग्रीसच्या हातानं कापायले निघाले,” ते मला म्हणाले, आणि आवाज चढला, चांगला पूर्वीसारखा चढला. “एकदा शिकले नाई, दोनदा शिकले नाई. सांगा बरं सूनबाई, यात त्याचा काय गुन्हा?”

“काही नाही, नाना,” मंगला म्हणाली. “चहा घ्या.”